बाजारातला हिशेब, वर्गातला फळा

आठशे ग्रॅम बटाटे, वीस रुपये किलोचे. एक किलो चारशे ग्रॅम कांदे, पंधरा रुपये किलोचे. गिऱ्हाइकानं दोनशेची नोट पुढे केली. परत किती द्यायचे? एकशे त्रेसष्ट. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकायला बसणारी मुलं अशी अडनिडी गणितं कशी सोडवतात, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिऱ्हाईक बनून तपासलं. चौदाशेहून अधिक मुलांचा हा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात जवळजवळ सगळ्यांचे हिशेब बरोबर निघाले. मग याच मुलांपुढे शाळेतल्यासारखी कागदावरची गणितं ठेवली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं, तर तिघांतल्या जेमतेम एकाला ते जमलं. आसपासच्या शाळांतली, कधी बाजारात न बसलेली मुलं कागदावर त्यांच्यापेक्षा सरस ठरली. पण त्यांना भाजीचा हिशेब तोंडी घातला तेव्हा तीही अडखळली.

या अभ्यासाचा पहिला भाग ऐकला की आपण सुखावतो. गरीब मुलं हुशार असतात, शाळाच कमी पडते, असं म्हणून मोकळे होतो. दुसरा भाग जास्त टोचणारा आहे. बाजारात बसणारी यातली बरीच मुलं शाळेतही जात होती. मूल तेच, डोकं तेच, तरी बाजारातलं वर्गात जात नाही आणि वर्गातलं बाजारात येत नाही. शहरातल्या कष्टकरी वस्त्यांतल्या मुलांना गणित आणि विज्ञान कसं शिकवावं, यावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जगभर बरंच काम झालं, आणि त्यातलं बहुतेक याच अडचणीभोवती फिरत राहिलं. ते सगळं वाचल्यावर माझं मत असं झालं आहे: ही ने-आण आपोआप होत नाही. ती वर्गातल्या शिक्षकालाच करावी लागते, आणि आपण मुलांविषयी काय धरून चाललो आहोत हे स्वतःला पुन्हा पुन्हा विचारणाऱ्यालाच ती जमते.

हा विचार ब्राझीलमध्ये आधी रुजला. रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस कॅरॅहर, डेव्हिड कॅरॅहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या अवघ्या पाच मुलांचा अभ्यास केला आणि तो १९८५ मध्ये छापला. विक्रीच्या ओघात विचारलेल्या ६३ प्रश्नांपैकी ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड नुसत्या आकड्यांत मांडली तेव्हा हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं. बारा वर्षांच्या एका मुलाला पस्तीसचा एक असे दहा नारळ किती, असं विचारलं होतं. त्यानं तीन नारळांचे एकशे पाच धरले, आणखी तिनांचे मिळून दोनशे दहा केले, मग तीनशे पंधरा, आणि शेवटी उरलेला एक धरून तीनशे पन्नास. दहानं गुणताना शून्य लावायचं, ही शाळेची सोपी युक्ती त्याला सुचली नाही. पण त्यानं केलं ते वितरणाच्या नियमाचं अगदी शुद्ध रूप आहे. शाळा तोच नियम पुढे कंस आणि अक्षरं वापरून शिकवते, आणि तेव्हा तो कुणाला कळत नाही. एक वर्ष आधी, १९८४ मध्ये, ब्राझीलचेच उबिरातान द’अँब्रोसियो यांनी ॲडलेडच्या आंतरराष्ट्रीय गणित-शिक्षण परिषदेत हाच मुद्दा व्यापक करून मांडला होता. प्रत्येक समूहाकडे मोजण्याच्या, मापण्याच्या आणि तर्क करण्याच्या स्वतःच्या रीती असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून लोकगणिताच्या अभ्यासाची एक शाखाच उभी राहिली.

अमेरिकेतली वाट वेगळी होती. तिथे प्रश्न निघाला तो मोठ्या शहरांतल्या कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित मुलांच्या गणितातल्या पिछाडीवरून. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी प्रश्न उलटा केला. या मुलांना का येत नाही, हे विचारण्याऐवजी त्यांना यशस्वीपणे शिकवणारे शिक्षक नेमकं काय करतात, हे त्यांनी पाहिलं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या आठ शिक्षिकांच्या वर्गांवरून १९९४ चं त्यांचं पुस्तक आणि १९९५ चा त्यांचा सिद्धान्त उभा राहिला. असा शिक्षक तीन गोष्टी धरून ठेवतो. मुलांना विषय खरोखर आला पाहिजे, आपल्या संस्कृतीत त्यांचे पाय घट्ट राहिले पाहिजेत, आणि भोवतालच्या अन्यायाकडे प्रश्न करून पाहण्याची नजर त्यांना मिळाली पाहिजे. नंतरच्या अनुकरणात मधली गोष्ट तेवढी उरली, तीही सणवार, पोशाख आणि भित्तिचित्रं अशा स्वरूपात. आपल्या नावावर जे खपवलं जातं त्याविषयीची नाराजी लॅडसन-बिलिंग्ज यांनी २०१४ मध्ये लिहून दाखवली. विषय खरोखर आला पाहिजे ही पहिली अट निसटली की उरलेलं सगळं सजावट होतं, हे या क्षेत्रातल्या प्रत्येक उत्साही माणसानं ध्यानात ठेवायला हवं.

यात मला सर्वांत जास्त शिकवून जाणारी हकिकत उरी ट्रेइझमन यांची वाटते. बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनाच्या पहिल्याच अभ्यासक्रमात मोठ्या संख्येनं नापास होत. प्राध्यापकांची कारणं तयार होती: पूर्वतयारी कच्ची, घरात शिक्षणाचं वातावरण नाही, जिद्द कमी. ट्रेइझमन यांनी कारणं मानली नाहीत. ते मुलांच्या मागे हिंडले, अभ्यासाच्या वेळी त्यांच्या खोल्यांवर जाऊन बसले. एकेक कारण गळून पडलं. ही मुलं भरपूर अभ्यास करत होती, त्यांच्या घरच्यांना शिक्षणाची तळमळ होती. फरक भलतीकडेच निघाला. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून गणितं सोडवत, एकमेकांच्या चुका काढत, एकमेकांना विचारत. कृष्णवर्णीय विद्यार्थी एकटे अभ्यास करत. मित्र वेगळे, अभ्यास वेगळा. एकट्यानं निभावून नेण्याच्या ज्या सवयीनं ते इथवर पोचले होते, तीच आता आड येत होती. ट्रेइझमन यांनी उजळणीचे शिकवणी वर्ग काढले नाहीत. त्यांनी अधिक अवघड गणितांच्या कार्यशाळा काढल्या आणि मुलांना गटात बसवलं. निकाल पालटला. या कार्यक्रमात संस्कृतीच्या नावानं काहीही शिकवलेलं नव्हतं. एका शिक्षकानं आपल्या आणि सहकाऱ्यांच्या समजुती तपासायला घेतल्या, आणि समजूत खोटी निघाल्यावर शिकवण्याची रीत बदलली. डोनाल्ड शॉन यांच्या १९८३ च्या पुस्तकानंतर ‘चिंतनशील व्यावसायिक’ ही कल्पना शिक्षक-प्रशिक्षणात सर्वत्र गेली. तिचा अर्थ ज्याला समजून घ्यायचा असेल त्यानं ट्रेइझमन वाचावेत.

बॉब मोझेस हे गणिताचे शिक्षक, पण १९६० च्या दशकात मिसिसिपीत जीव धोक्यात घालून कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करणारे कार्यकर्ते म्हणून अमेरिका त्यांना ओळखते. १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमधल्या, मुलीच्या शाळेत त्यांनी बीजगणित शिकवायला घेतलं. आठवीत बीजगणित न मिळालेल्या मुलांना पुढे विज्ञान-तंत्रज्ञानाचे दरवाजे बंद होतात, म्हणून बीजगणित हा नागरी हक्काचा प्रश्न आहे, अशी त्यांची मांडणी होती. ऋण संख्यांपाशी मुलं अडतात, कारण तोवर संख्या म्हणजे फक्त ‘किती’ एवढंच त्यांना ठाऊक असतं. ‘कुठल्या बाजूला’ हा दुसरा प्रश्न त्यांच्या संख्येत नसतो. मोझेस मुलांना भुयारी रेल्वेनं फिरवून आणत. आधी प्रवास, मग त्याचं चित्र, मग मुलांनी आपल्या बोलीत केलेलं वर्णन, मग त्यातल्या नेमक्या बाबी वेगळ्या काढणारी काटेकोर भाषा, आणि शेवटी चिन्हं. हाच क्रम दादरला शून्य मानून मुंबईच्या कोणत्याही वर्गात चालेल. माटुंगा एका बाजूला, परळ दुसऱ्या बाजूला, आणि माटुंग्याहून परळला यायचं तर किती स्थानकं व कोणत्या दिशेनं, हे लोकलनं फिरणारं मूल विचारल्याबरोबर सांगेल. मोझेसांच्या पद्धतीचं बळ रेल्वेच्या उदाहरणात नाही. मुलाच्या बोलीपासून चिन्हापर्यंतच्या मधल्या पायऱ्या त्यांनी वगळल्या नाहीत, बळ त्यात आहे. आपल्या वर्गांत उदाहरण झालं की दुसऱ्याच मिनिटाला फळ्यावर सूत्र येतं.

विज्ञानातलं उत्तम उदाहरण केंब्रिज-बोस्टन भागातलंच आहे. हैतीहून आलेल्या कुटुंबांतल्या क्रेओल भाषिक मुलांसोबत बेथ वॉरन आणि ॲन रोझबेरी यांचा गट काम करत होता. शाळेतल्या मुलांचा ठाम समज होता की तिसऱ्या मजल्यावरच्या नळाचं पाणी चांगलं आणि पहिल्या मजल्यावरचं वाईट. शिक्षिकेनं हा समज खोडला नाही, तपासायला लावला. कोणतं पाणी कुठलं हे न सांगता चव घ्यायची. बहुतेकांनी पहिल्या मजल्याचं पाणी पसंत केलं! मुलांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी अधिक मुलांवर चाचणी घेतली, मग कारण शोधायला लागली. पहिल्या मजल्याचं पाणी जास्त गार होतं. वाद घालायची, एकमेकांचे दावे उडवून लावायची या मुलांची घरची बोलण्याची रीत शाळेला आजवर गोंगाट वाटत होती. या गटानं दाखवलं की वैज्ञानिक युक्तिवादाला तीच रीत फार जवळची आहे. न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तोफर एम्डिन यांनी रॅप संगीताला विज्ञानाच्या वर्गात आणलं, त्याचा गाजावाजा अधिक झाला. मला त्यांची दुसरी कल्पना मोलाची वाटते. चार-पाच विद्यार्थ्यांना नियमितपणे सोबत घेऊन, तास कुठे फसला आणि उद्या काय बदलायचं हे त्यांच्याकडूनच ऐकायचं. आपल्याकडे विद्यार्थ्यानं शिक्षकाला तुमचा तास कळला नाही असं सांगणं हा अजून उद्धटपणा ठरतो.

शिकागोत एरिक गटस्टिन यांनी पोलीस कुणाच्या गाड्या अडवतात याची आकडेवारी घेऊन संभाव्यता शिकवली. लॅडसन-बिलिंग्ज यांची तिसरी अट पाळायची ती अशी. पण समतेच्या नावानं उलट दिशेनंही पावलं पडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी २०१४ पासून आठवीचं बीजगणित सर्वांसाठीच काढून टाकलं, हेतू हा की वरचे आणि खालचे असे गट पडू नयेत. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहेर शिकवण्या लावल्या. २०२४ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळानं बीजगणित परत आणण्याचा निर्णय घेतला. मोझेस जे मुलांना मिळावं म्हणून झटले, तेच काढून घेऊन समता येत नाही.

या सगळ्याला पुरावा किती भक्कम आहे? प्रामाणिक उत्तर असं की, एकेका वर्गाचे, एकेका शिक्षकाचे बारकाईनं केलेले अभ्यास पुष्कळ आहेत. हजारो मुलांवर, तुलनेचा गट ठेवून घेतलेल्या चाचण्या थोड्या. मुलांच्या संस्कृतीला धरून शिकवण्याच्या विचाराच्या पुरस्कर्त्या ख्रिस्टीन स्लीटर यांनीच २०१२ मध्ये ही उणीव मांडली होती. म्हणून मी याला रामबाण म्हणणार नाही. पण जिथे यश दिसलं तिथे दोन गोष्टी बहुधा सोबत होत्या: विषयाची उंची खाली आणली नव्हती, आणि शिक्षक मुलांचं बोलणं ऐकून आपली पावलं बदलत होता.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात मोडी-बाळबोध लेखनवाचनाबरोबर हिशेब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान मागितलं. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून निवडावेत, म्हणजे ते मुलांत मोकळेपणानं मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, हेही त्यांनी त्यातच म्हटलं होतं. शिक्षक आणि मूल यांच्या जगण्यातल्या अंतराचा प्रश्न एवढ्या थेटपणे तेव्हा दुसऱ्या कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं १९८० च्या दशकात महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केलं. वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांचा निष्कर्ष होता की मुलांना बुद्धी कमी नाही. पाठ्यपुस्तकाची अवजड भाषा आणि वर्गात प्रश्न विचारण्याची, बोलण्याची संधी न मिळणं यांत ती अडतात. याच केंद्रातल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी पुढे मुंबईतल्या घरोघर छोटे उद्योग चालणाऱ्या एका मोठ्या वस्तीतल्या सहावीच्या मुलांचं शाळेबाहेरचं गणित अभ्यासलं. चामड्याची कामं, जरीकाम, शिवण अशा उद्योगांत हात लावणारी ही मुलं दुप्पट-निमपट करत, डझनात मोजत सफाईनं हिशेब करत. ज्यांना एकच ठरावीक काम नेमून दिलेलं असे, त्यांच्यापेक्षा माल, माप आणि दर यांचे निर्णय घ्यावे लागणाऱ्या मुलांची समज पुढची होती. शाळेला मात्र याचा पत्ता नव्हता. पाऊण किलो म्हणजे अर्धा आणि पाव, असं म्हणणाऱ्या मुलीनं दोन अपूर्णांकांची बेरीज आधीच केलेली असते. आपली आधीची पिढी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करत असे. त्यातल्या घोकंपट्टीचं मी समर्थन करणार नाही. पण अपूर्णांकांच्या पहिल्या तासाला पाव, सव्वा, दीड हे शब्द मुलांकडूनच काढून घ्यायचे सोडून छेद आणि अंश यांच्या व्याख्या लिहून द्यायच्या, हे मला मान्य नाही.

आता आपल्याकडचा खास धोका. घरच्या कामाला वर्गात आणा, हा सल्ला न्यूयॉर्कमध्ये जितका निर्धोक वाटतो तितका धारावीत किंवा पुण्याच्या पेठेत नाही. इथे काम जातीशी बांधलेलं आहे. मुख्यमंत्री राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) १९५३ मध्ये मद्रास राज्यात अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस आईवडिलांचा व्यवसाय अशी योजना आणली. पेरियारांसह द्रविड चळवळीनं ती वंशपरंपरागत जातीचं शिक्षण म्हणून हाणून पाडली. पुढच्याच वर्षी राजाजी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी योजना रद्द केली. तो विरोध योग्यच होता. ज्या मुलाचे वडील गटारात उतरतात त्याला चारचौघांत ‘तुझे बाबा काय करतात ते सांग, आपण त्यातून गणित शिकू’ असं म्हणणारा शिक्षक, हेतू कितीही चांगला असो, त्या मुलाला उघडं पाडतो. कुणाचं काम वर्गात आणायचं, कुणाच्या तोंडून, आणि त्याची मालकी एका मुलावर न ठेवता सगळ्या वर्गाची कशी करायची, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. लोकल, पाण्याच्या वेळा, पत्र्याच्या आणि सिमेंटच्या छपराखालचं दुपारचं तापमान, पावसात गल्लीत साचणारं पाणी ही सामायिक सामग्री म्हणूनच अधिक सुरक्षित आहे, आणि विज्ञानाच्या दृष्टीनं श्रीमंतही. दोन घरांत तापमापक टांगून दर तासाला नोंद ठेवली, तर उष्णतावहन, आलेख, सरासरी आणि घरबांधणीतला अन्याय असे चार विषय एकाच वहीत येतात.

आणखी एक गुंता असा की शहरी वर्गात ‘मुलांची संस्कृती’ अशी एक वस्तू नसते. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ आणि तेलुगू अशा आठ भाषांतून शाळा चालवते. आणि मराठी माध्यमाच्या एकाच वर्गात घरी अहिराणी, भोजपुरी किंवा वडारी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या संख्यावाचनावरून महाराष्ट्रात जे वादळ उठलं, ते या दृष्टीनं पुन्हा पाहण्यासारखं आहे. मंगला नारळीकर यांच्या समितीनं ‘बासष्ट’बरोबर ‘साठ दोन’ असंही वाचायला सुचवलं होतं. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र उलट. म्हणून बहात्तर ऐकून २७ लिहिणारी मुलं प्रत्येक शाळेत सापडतात. कन्नडमध्ये दशक आधी येतो, तिथे ही अडचण नाही. टीकाकारांनी म्हटलं, हा भाषेच्या संस्कृतीवर घाव आहे. समितीची काळजी ज्या मुलाच्या घरी ही संख्यानामं कानावर पडत नाहीत त्या मुलाची होती. दोन्ही बाजू संस्कृतीविषयीच बोलत होत्या. माझा कौल समितीकडे आहे, कारण जुनं नाव काढून न घेता एक सोपी पायरी जोडण्याचा तो प्रस्ताव होता. चर्चेत २७ लिहिणाऱ्या मुलाची वही मात्र कुणीच मधे ठेवली नाही.

चिंतनाची परंपराही आपल्याकडे आहे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. त्यांची पुस्तकं म्हणजे मुलं काय बोलली, आपण काय करायला गेलो आणि काय घडलं याचा एका शिक्षिकेनं घेतलेला शोधच आहे. सरकारी व्यवस्थेत मात्र चांगल्या कल्पनेचा साचा लवकर होतो. ज्ञानरचनावाद २०१५ नंतर जोरात आला, आणि कित्येक ठिकाणी तो फरशीवर रंगवलेल्या अंकांपाशी येऊन थांबला. मुलांच्या संस्कृतीला प्रतिसाद देणारं अध्यापनही परिपत्रकातून आलं तर वारली चित्रांच्या किनारी काढून संपेल. दुसरी वाट जपानमध्ये दिसते. तिथले शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघत बसतात आणि नंतर त्यावर बोलतात. आपल्याकडे केंद्रपातळीवर शिक्षण परिषद भरते. तिच्यात सूचना वाचून दाखवणं आणि माहितीचे तक्ते गोळा करणं यांत वेळ जातो. त्याच परिषदेत एका मुलाची एक वही घेऊन, त्यानं हे असं का लिहिलं असेल यावर शिक्षकांनी पाऊण तास बोलावं. भागाकार शाळेच्या रीतीनं न करता वेगळ्याच वाटेनं बरोबर उत्तर काढणारं मूल दिसलं, तर ती वाट परिषदेत फळ्यावर मांडावी आणि तिथून रूढ रीतीपर्यंत कसं न्यायचं ते ठरवावं. टाचणवहीत ‘आजच्या तासाला कोणत्या मुलानं मला चकित केलं’ एवढा एक रकाना वाढवला तरी चालेल, फक्त त्यावर शेरा मारायचा नाही आणि गुण द्यायचे नाहीत.

त्यासाठी वेळ लागतो, आणि शहरातल्या शिक्षकाकडे तोच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच शाळाबाह्य कामं देता येतात. प्रत्यक्षात सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, छायाचित्रं अपलोड करणं असं बरंच काही त्यांच्या गळ्यात असतं. कायद्यात न बसणारी ही कामं काढून घेऊन त्या तासांत शिक्षकांना एकमेकांचे वर्ग पाहायला सोडता येईल. मोठ्या महापालिकांनी आपल्या गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांपासून येत्या जूनमध्येच याची सुरुवात करावी.